पिवळी नळी, हिरवी नळी

दुधात फॉर्मलीन सापडलं म्हणून मी एका बाईचं अख्खं कॅन लाईनीतल्या सगळ्यांसमोर गटारात ओतलं होतं. तिच्या दुधात फॉर्मलीन नव्हतं. हे मला कळलं ते समुद्राच्या पाण्यामुळे, आणि तेही केज तालुक्यात, ज्या वर्षी प्यायचं पाणीसुद्धा टँकरने येत होतं त्या वर्षी. आज इतकी वर्षं झाली, तरी मी हे कुणाला सलग सांगितलेलं नाही.

मी तेव्हा एका सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर केमिस्ट होतो. आसपासच्या वस्त्यांवरची माणसं सकाळी कॅन घेऊन थेट आमच्या डॉकवर, दूध उतरवायच्या ओट्यावर, येत. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना काचेच्या छोट्या बाटलीत घ्यायचा. रोजचं थोडं थोडं दूध त्याच बाटलीत साठवून आठवड्याने फॅट काढायचं असे, म्हणून ते नासू नये यासाठी बाटलीत आधीच फॉर्मलीनचे दोन थेंब टाकून ठेवलेले असत. ही पद्धत सगळीकडची आहे. भेसळ तपासायची असेल तेव्हा मात्र बाटली कोरी लागते, गरम पाण्याने दोनदा धुतलेली. त्यासाठी आमच्याकडे दोन रॅक होते आणि दोन टब. थेंबवाल्या बाटलीला लाल बूच, कोरीला पांढरं.

त्या वर्षी केंद्राची बोअर आटली. टँकर एक दिवसाआड यायचा, त्यातलं निम्मं पाणी दुधाच्या टाक्या धुण्यात जायचं. मी हुकूम काढला की कोऱ्या बाटल्यांचा टब बंद. भेसळीचा नमुना घ्यायचा असला तर थेंबवाल्या रॅकमधलीच बाटली घ्यायची, थेंब ओतून टाकायचे, चूळभर पाणी फिरवायचं आणि वापरायची. चार दिवसांपुरतं म्हणून केलं होतं. मग ती सवय झाली आणि सवय झाल्यावर ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. माझ्याही नाही. केमिस्ट मी होतो, म्हणून इथे ‘कुणाच्या’ हा शब्द वापरायचा मला खरं तर हक्क नाही.

ती बाई मेंढरंवाल्यांच्या वस्तीवरची. दुष्काळात मेंढरं विकून टाकल्यावर दोन म्हशींवर तिचं घर चाललं होतं. तिची वस्ती सगळ्यांत लांब, ती लाईनीत सगळ्यांत शेवटी, ऊन चांगलं तापल्यावर पोचायची. आणि तिचं दूध कधी नासत नसे. जवळच्या लोकांचं नासायचं, हिचं नाही. संघाच्या सेक्रेटरींना ते खटकलं. काहीतरी घालत असणार, तपासा, म्हणाले. मी तिला शेवटून पुढे बोलावलं आणि लाईन उभी असतानाच तपासलं. नळीत ॲसिड सोडलं आणि दूध नि ॲसिड जिथं भेटतं तिथं जांभळी कडी उमटली. स्वच्छ, सुरेख कडी. फॉर्मलीन.

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग नळीकडे.

“साहेब, नारायणगडाची आण घेते, माझ्या दुधात काय न्हाई. तुमची बाटली बघा आधी.”

लाईनीत कुणीतरी हसलं. मी म्हणालो, “मावशी, बाटली खोटं बोलत नाही.”

हे वाक्य मी तेव्हा जरा मोठ्यानेच बोललो होतो. मग कॅन उचललं आणि ओतलं. ती गटाराकडे बघत उभी राहिली. दूध कोरड्या मातीत जिरेपर्यंत ती हलली नाही. संचालक मंडळाने पुढच्याच बैठकीत तिचं सभासदत्व रद्द केलं. आता सप्टेंबरच्या वार्षिक सभेत त्यावर मंजुरीचा शिक्का तेवढा उरला होता.

समुद्र आला तो आषाढात. पावसाचा पत्ता नव्हता. आमचे चेअरमन सहकारी संस्थांच्या अभ्यासदौऱ्यावर मुंबईला गेले होते, तिथं कुठल्याशा पतसंस्थेच्या कार्यालयात त्यांनी खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी पाहिली आणि आपल्या सभागृहात तशीच हवी म्हणून हटून बसले. संघाचं पंचविसावं वर्ष होतं, वार्षिक सभेला जिल्ह्यातले पुढारी येणार होते. टेम्पोतून मुंबईचा एक दुकानदार आला. सोबत पाच फुटी काच, मिठाची पोती, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले समुद्रातले दगड, पंप, निळ्या ट्यूबलाईटी. टँकरच्या पाण्यात मीठ कालवून त्यानं सभागृहात समुद्र तयार केला. बाहेर फाटकाशी घागरी घेऊन बाया उभ्या होत्या. आत चारशे लिटर पाणी, पिता न येणारं.

मला त्यानं नळ्या, थेंबांच्या बाटल्या आणि रंगांचा तक्ता असलेली एक पेटी दिली. म्हणाला, अजून मासे टाकायचे नाहीत. पाण्यात कोळंबीचा एक तुकडा टाकून ठेवा. तो सडेल, अमोनिया चढेल. नळी पिवळ्याची हिरवी होईल, मग गडद हिरवी. दगडांवरचे जंतू हळूहळू तो अमोनिया खातील आणि नळी पुन्हा पिवळी होईल. तेव्हा मासे. रोज तपासा आणि लिहून ठेवा.

खारेपणा मोजायचं त्याचं यंत्र वाटेतच फुटलं होतं. मी म्हटलं, माझ्याकडे दुधाचा दाटपणा मोजायचा लॅक्टोमीटर आहे. टाकीत सोडला तर तो पाण्यात सरळ उभा राहिला आणि पंचविसाच्या जरा वर थांबला. दुकानदार म्हणाला, बरोबर, समुद्र एवढाच असतो. मी मात्र पुन्हा वाकून आकडा वाचला. तो आकडा मी रोज बघायचो. थोडं पाणी घातलेलं दूध तेवढ्यावरच थांबतं. हेच पाणी कुणी पांढरं करून कॅनमधून आणलं असतं तर मी ‘किंचित पाणी’ असा शेरा मारून घेतलंही असतं. माझ्या सगळ्यांत विश्वासाच्या हत्याराला दूध आणि समुद्र यातला फरक कळत नव्हता. मी तो विचार झटकून टाकला.

माझी प्रयोगशाळा अंगणापलीकडे होती. रोज अकराच्या सुमाराला मी टाकीतलं पाणी बाटलीत भरून तिकडे न्यायचो. बाटली अर्थातच रॅकमधली. थेंब ओतायचे, चूळभर पाणी फिरवायचं, भरायची. हात आपोआप चालत होते.

पहिल्या दिवशी नळी पिवळी. दुसऱ्या दिवशी पिवळी. आठव्या दिवशीही पिवळी. आत कोळंबीचा तुकडा पांढुरका होऊन फुगला, त्याच्यावर केसांसारखं काहीतरी उगवलं, पंपाच्या धारेत ते केस सावकाश हलायचे. आमच्या केंद्रावर झाडलोट करणारे एक म्हातारे शिपाई होते, सगळे त्यांना मामा म्हणत. ते एक दिवस काचेजवळ वाकून म्हणाले, “साहेब, ह्या पाण्याला गोठ्याचा वास येतोय. म्हस मुतल्यावर येतो तसा.”

मी त्यांना तक्ता दाखवला. पिवळा म्हणजे शून्य. मामांनी तक्ता पाहिला. पण त्या दिवसापासून सभागृह झाडताना ते टाकीची बाजू सोडून झाडायला लागले.

त्या खोलीत दुपारी थांबणं मलाही जड जाऊ लागलं. लोडशेडिंगमध्ये सगळं केंद्र बंद पडे. जनरेटर फक्त दोन गोष्टींना जोडलेला होता, दुधाच्या टाकीला आणि ह्या टाकीला. बाहेर पांढरं ऊन आणि आत पडदे ओढलेले, निळा उजेड, पंपाची घरघर. भिंतीवरच्या माजी चेअरमनांच्या फोटोंवरून तो निळा उजेड हलत राहायचा आणि ते पाण्याखालून बघत असल्यासारखे वाटायचे. पाणी रोज कमी व्हायचं, रोज बादलीभर गोडं पाणी वरून घालावं लागायचं. ते कुठं जातंय हे मला शास्त्रानं माहीत होतं, तरी काठावर बोट लावून मी पातळी बघत बसायचो. काचेच्या कडांवर मीठ उमलायला लागलं. आधी कडेला, मग लाकडी स्टँडवर, मग भिंतीवर. बुरशीसारखं, पण कोरडं. दर आठवड्याला काढलेलं खारं पाणी मामा मागच्या दारी ओतत, तर तिथल्या पायरीवर दुपारच्या वेळी मेंढरं येऊन चाटत उभी राहायची. कुणाची होती, कोण जाणे. त्यांच्यामागे मेंढपाळ कधी दिसला नाही. आवाज न करता चाटायची आणि जायची.

मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, पहिल्या दिवसापासून शून्य? असं होत नाही. एक तर तुमचं तपासणं चुकतंय, नाहीतर दगड फारच चांगले निघाले. मला पाणी पाठवा. मी रॅकमधली बाटली घेतली, पाणी भरलं, बूच लावून एसटीच्या पार्सलने मुंबईला पाठवलं. चार दिवसांनी त्याचा फोन आला. माझ्याकडेही शून्य आहे, नशीबवान आहात, मासे घेऊन येतो.

दोन ठिकाणी, दोन माणसांनी तपासलं आणि उत्तर एकच आलं. माझ्या शिक्षणात याला खात्री म्हणतात. दोन्हीकडे बाटली त्याच रॅकमधली होती, हे मला दिसलं नाही.

सहा मासे आले. नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन, एक गडद निळा, बाकीचे पिवळे. संध्याकाळपर्यंत ते पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कल्ल्यांच्या कडा लाल झालेल्या दिसल्या. मी तपासलं, पिवळी. तिसऱ्या दिवशी दोन मेले. चेअरमनांनी मला बोलावून विचारलं, पाणी कसं आहे. मी वही दाखवली, शून्य, शून्य, शून्य. ते म्हणाले, मग मासेच खराब दिले असतील त्यानं. मला ते पटलं. आपलं दूध चांगलं आणि गिऱ्हाईकाचं पोट खराब, असं म्हणावं तसं होतं ते, पण मला पटलं.

सभेला चार दिवस उरले होते. शेवटचा निळा मासा कोपऱ्यात काचेला टेकून तिरका उभा होता. त्या दिवशी टँकर आलाच नाही. बाटलीत फिरवायला चूळभर पाणीही नव्हतं. मी पेटीतली नळीच सरळ सभागृहात घेऊन गेलो, टाकीत बुडवून भरली आणि तिथेच उभं राहून थेंब टाकले.

नळी हिरवी झाली. आधी पोपटी, मग गडद होत होत चिंचेच्या पाल्यासारखी. तक्त्यावरच्या शेवटच्या चौकोनाच्याही पुढे गेली.

मी प्रयोगशाळेत जाऊन रॅकमधली बाटली आणली. त्याच कोपऱ्यातून, त्याच मिनिटाला ती भरली, त्यातलं पाणी दुसऱ्या नळीत घेतलं, तेच थेंब टाकले. पिवळी.

दोन नळ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मी खुर्चीवर बसलो. एकाच टाकीतलं पाणी. निळ्या उजेडात पिवळी नळी पांढुरकी दिसत होती आणि हिरवी काळी. मी बाटलीचं बूच काढून वास घेतला. अगदी हलका, नाकात टोचणारा. आयुष्यभर ज्या वासात काम केलं आणि म्हणून जो मला येईनासा झाला होता, तो. फॉर्मलीन अमोनियाला धरून ठेवतं, तपासणीत दिसू देत नाही, हे मी कॉलेजात शिकलो होतो. आणि लगेच, मधे श्वासभरही वेळ न जाता, मला ती जांभळी कडी दिसली. ती बाटलीही याच रॅकमधली होती.

तुमची बाटली बघा आधी.

मी मागं वळून पाहिलं. खोलीत खरोखर कुणी नव्हतं. मागच्या पायरीवर मेंढरांचं चाटणं तेवढं ऐकू येत होतं.

मी चेअरमनांकडे गेलो. बाटल्यांचं सांगितलं, बाईचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, ते वाईट मनाचे नव्हते. म्हणाले, “सभा होऊ द्या हो. एवढ्या मोठ्या सभेत आपणच आपल्या लॅबची अब्रू काढायची का? नंतर बघू की तिचं.” मी बरं म्हणालो.

सभेच्या सकाळी दुकानदार नवे मासे घेऊन आला. पाणी वाईट आहे हे मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर का वाईट आहे हेही सांगावं लागलं असतं. सभागृह भरलं. पुढारी टाकीपाशी थांबून बघत होते, कुणी काचेवर टिचक्या मारत होतं, मासे चमकत होते. ते किती तास चमकतील हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. सेक्रेटरींनी ठराव वाचायला सुरुवात केली. भेसळीच्या कारणावरून सभासदत्व रद्द केल्याचा ठराव सातवा होता. तिचं नाव घेतलं गेलं, वस्तीचं नाव घेतलं गेलं. ती आली नव्हती, तिला नोटीस गेली होती की नाही देव जाणे. मी टाकीच्या शेजारी उभा होतो. एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा वर येऊन तोंड उघडमीट करायला लागला होता. बोलायचं असेल तर हाच क्षण आहे, हे मला स्पष्ट कळलं. सभागृहातून आवाज आला, मंजूर, मंजूर. त्यात माझा आवाज नव्हता. बरीच वर्षं मी याच एका गोष्टीवर स्वतःला सोडवून घेत आलो. पण माझा आवाज नव्हता हाच तर माझा गुन्हा.

मासे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेले.

दिवाळीनंतर मी तिच्या वस्तीवर गेलो. घराला कुलूप होतं. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, एक म्हैस विकली, एक भावाकडे ठेवली, आणि नवरा-बायको कोयता घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला गेली. घरामागे विहीर होती, कोरडी ठाक. तिच्या काठावरच्या दगडाला एक दोर बांधलेला होता आणि आत ताणलेला होता, म्हणजे खाली काहीतरी वजन होतं. मी म्हातारीला विचारलं, हे काय.

“ती दुधाचं कॅन सोडायची ना आत. खाली लई गार असतंय. रातच्याला सोडायची, सकाळी वर काढायची. जातानाबी तिथंच सोडून गेली. कावून, तुमाला कुनी सांगितलं न्हाई?”

मी कधी विचारलंच नव्हतं. मी दोर ओढला. कॅन वर आलं, रिकामं, आतून घासून लख्ख केलेलं. हात लावला तर बर्फासारखं गार. दूध नासत का नव्हतं ते माझ्या हातात होतं. खाली डोकावलो तर अंधारातून थंड हवा तोंडावर आली आणि का कोण जाणे, मला त्या टाकीचा वास आला. मी कॅन पुन्हा सावकाश खाली सोडलं, जसं होतं तसं.

ती परत आली ते गुढीपाडव्यानंतर. मी त्याच आठवड्यात गेलो. ओट्यावर बसून सगळं सांगितलं, रॅकचं, थेंबांचं, सभेचं.  तिच्या तळहातांना कोयत्याचे घट्टे पडले होते, ती ते अंगठ्यानं दाबत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “मला ठावं हाय की माझ्या दुधात काय नव्हतं. मला कावून सांगताय? ज्यांच्यासमोर ओतलं त्यांना सांगा.”

उद्या डॉकवर वाचून दाखवतो, असं तिला सांगून आलो आणि घरी बसून कागद लिहिला. दुधात भेसळ नव्हती, दोष प्रयोगशाळेच्या बाटलीत होता, बाटलीबद्दलचा हुकूम माझा होता. खाली सही, हुद्दा. दुसऱ्या दिवशी ती डॉकवर आली, म्हशीचं दूध न घेता, रिकाम्या हातानं. मी नमुने घेत राहिलो. एक कॅन, मग दुसरं, मग पुढचं. लाईन संपली. शेवटचे दोघेतिघे सायकलींना कॅन अडकवत होते तेव्हा मी कागद काढला आणि वाचला. वाचून वर पाहिलं तर ती पायरीवर उभी होती.

“लाईन गेली की, साहेब.”

एवढंच म्हणाली आणि चालू लागली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःला नीट पाहिलं, असं मला वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लाईन सगळ्यांत लांब असताना, सेक्रेटरी खिडकीत उभे असताना, मी डॉकवर येऊन तो कागद वाचला. ज्या गटारात ओतलं होतं त्याच्याच शेजारी उभा राहून. मधलं एक वाक्य मी पुन्हा वाचलं.  मागं एकजण शेजाऱ्याला म्हणाला, मग आपल्या बाटल्यांचं काय?  मला तडकाफडकी दुसऱ्या केंद्रावर पाठवलं नाही, कुणी ओरडलं नाही. पुढच्या बैठकीत तिचं सभासदत्व परत झालं, कारण न देता. भावाकडची म्हैस तिनं घरी आणली, विकलेली मात्र परत आली नाही.

टाकी कोरडीच सभागृहात राहिली, पाण्याच्या उंचीवर मिठाची पांढरी रेघ घेऊन. ती रेघ कितीही पुसली तरी पुन्हा उमटायची. मी पांढऱ्या बुचांचा टब पुन्हा सुरू केला, त्यासाठी स्वतःच्या घरून पाण्याची कळशी आणायचो. तरी ती बाई माझ्या बाटलीला तयार होत नसे. कॅनबरोबर घरून एक तांब्या आणायची, राखेनं घासलेला. मी बाटली पुढे केली की ती तांब्या पुढे करायची आणि म्हणायची, “ह्याच्यात घ्या.”

मी त्यातच घ्यायचो.